नव्वद मजले आणि एक लाल चिठ्ठी

लिफ्टसाहेबांचं डोकं फिरायला मोबाइलवर आलेल्या दोन ओळी पुरल्या. ‘नव्वद मजले’ ही मालिका पुरेशा प्रेक्षकांअभावी महिनाअखेरच्या रविवारी मध्यरात्री काढून टाकण्यात येत आहे, असं कंपनीने कळवलं होतं. त्याऐवजी आपल्याला ‘सासू नाचते तालात’ ही स्पर्धा आवडू शकेल, असंही खाली सुचवलं होतं. मालिका काढली हे त्यांनी एक वेळ गिळलं असतं. पण तीन वर्षं आपण काय काय बघतो याची खडान्‌खडा नोंद ठेवून शेवटी कंपनीने आपल्याला नाचणाऱ्या सासूच्या लायकीचं ठरवावं, याने त्यांच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

लिफ्टसाहेब हे नाव वॉचमनने ठेवलेलं. साहेब सरकारच्या लिफ्ट तपासणी खात्यात इन्स्पेक्टर होते. दिवसभर लोकांच्या इमारतींत जाऊन दोर ताणून बघायचे, दारं आपटून बघायची, धोक्याची घंटा वाजवून बघायची आणि वाजली नाही तर लाल चिठ्ठी चिकटवून लिफ्ट बंद करायची, हे त्यांचं काम. संध्याकाळी घरी आले की हातपाय धुऊन ते टीव्हीसमोरच्या खुर्चीत बसत आणि उद्याच्या जगातल्या गरीब-श्रीमंतांच्या मालिका बघत. एका मालिकेत हवेला मीटर होतं आणि ज्यांना परवडत नाही त्यांना दिवसातून ठरावीकच श्वास मिळत. दुसरीत शहरातली सगळी सावली श्रीमंतांनी विकत घेतलेली. अशा मालिका कुणी बघत नसे, आणि कुणी बघत नाही म्हणून साहेब त्या आणखी निष्ठेने बघत. ऑफिसात त्यांनी तीन जणांना ‘नव्वद मजले’ सुचवली होती. एकाने ती बांधकामाची माहिती असेल म्हणून मेव्हण्याला पाठवली, दुसऱ्याने पहिल्या भागात झोप लागल्याचं प्रामाणिकपणे सांगितलं आणि तिसरा तेव्हापासून डबा खायला दुसऱ्या टेबलावर बसू लागला.

मालिका अशी: नव्वद मजल्यांचा एकच मनोरा, त्यातच सगळं शहर. वरच्यांना ऊन, वारा आणि लिफ्ट. खालच्यांना वरून येईल तो उजेड आणि जिना. तळमजल्यावर फरशी पुसणारी एक पोरगी वर जायला निघते. भाग आठ. दुसऱ्या भागात लिफ्ट वर जात असताना तिला तोलून धरणारं वजन, जे खाली यायला हवं, तेही वरच जाताना दाखवलं होतं. ती घोडचूक असल्याचं पत्र साहेबांनी निर्मात्यांना आकृतीसकट पाठवलं होतं आणि उत्तर आलं नव्हतं, पण तेवढ्यासाठी त्यांनी मालिकेवर राग धरला नाही. एरवी ते इतके क्षमाशील नसत.

या मालिकेला जगात दुसरा प्रेक्षक एकच होता, तोही अर्धा. स्वयंपाकाच्या मावशी संध्याकाळी सात वाजता येत आणि साहेब मालिका साडेसातला लावत. मावशींनी सात भाग भाजी चिरता चिरता नुसते ऐकले होते. मधूनच त्या आतून विचारत, आता धापा कोण टाकतंय, किंवा ते दार आपटलं ते तिच्या तोंडावर का. एकदा त्यांनी विचारलं की, एवढे जिने चढते तर पोरीचे गुडघे कसे दुखत नाहीत. साहेब त्या प्रश्नाने थक्क झाले. मावशी कामाला यायला लागायच्या आधीच त्यांनी मालिका चार वेळा पाहिली होती, पण पोरीचे गुडघे त्यांच्या डोक्यात आले नव्हते. स्वतः मावशी याच इमारतीत तीन घरी काम करत: तिसऱ्या मजल्यावर साहेबांकडे, सहाव्यावर एका बाईंकडे आणि सातव्यावर सोसायटीच्या सेक्रेटरींकडे.

मालिका जाणार हे कळल्यावर मावशींनी हातातली सुरी थांबवून विचारलं, “मग ती वर पोचते का नाही, तेवढं सांगा.”

“ते सांगायचं नसतं, मावशी. बघायचं असतं.”

“इथंच दाखवा की त्यांना,” बायको म्हणाली. “आठवा भाग लावा, अर्धा-पाऊण तास बसू देत. भाजी मी बघते.”

किती सोपं होतं. पण सोप्या गोष्टी साहेबांना कधीच पटत नसत. हा एका मावशींचा प्रश्न नसून तत्त्वाचा प्रश्न आहे, असं त्यांनी खुर्चीत बसूनच सांगितलं. ही मालिका सोसायटीतल्या प्रत्येकाने पाहिली पाहिजे. सभासदांनी, वॉचमनने, झाडूवाल्याने, मावशींनी, सगळ्यांनी एका खोलीत बसून. आठव्या मजल्यावर सोसायटीचा हॉल आहे तो कशासाठी? महिनाअखेरच्या रविवारी, मालिका जायच्या आत, शेवटचा भाग तिथे मोठ्या पडद्यावर. मावशी, तुम्ही पहिल्या रांगेत बसायचं. मावशींनी बरं म्हटलं आणि पुन्हा गाजरं चिरायला घेतली. बायकोने काहीच म्हटलं नाही, आणि बायको काहीच म्हणत नाही तेव्हा प्रकरण वाढणार हे साहेबांना लग्नाच्या बावीस वर्षांत कळायला हवं होतं.

हॉलसाठी अर्ज करावा लागे. अर्जात ‘कार्यक्रमाचा प्रकार’ या रकान्यासमोर वाढदिवस, साखरपुडा, शोकसभा आणि इतर अशा चारच चौकटी होत्या. साहेबांनी ‘इतर’वर खूण केली, त्यामुळे अर्ज कमिटीपुढे गेला. कमिटीत तो दीड तास चालला. मालिका राजकीय आहे का? मालिकेत कुणाला कमी कपडे आहेत का? तळमजल्यावर गरीब राहतात असं दाखवलं असेल तर आपल्या तळमजल्यावरच्या सभासदांच्या फ्लॅटच्या किमतीवर काय परिणाम होईल? दुसऱ्या मजल्यावरच्या निवृत्त प्राध्यापकांनी असा विषय समजून द्यायला प्रास्ताविक लागतं आणि ते मी करीन, असं स्वतःहून कळवलं. नको म्हणायची सोय नव्हती, कारण कमिटीत त्यांचं मत होतं.

शेवटी परवानगीचं पत्र आलं. रविवारी दुपारी चार ते सहा. सहाला हॉल कुलूपबंद. खाली अटी होत्या आणि पाचवी अट अशी होती: कामाला येणाऱ्या व्यक्तींना उपस्थित राहण्यास हरकत नाही, मात्र त्यांनी नियमाप्रमाणे मागच्या लिफ्टने यावं, शेवटच्या रांगेत बसावं आणि चहापानापूर्वी जावं.

साहेबांच्या अंगाचा तिळपापड झाला. ते पत्र घेऊन तसेच सेक्रेटरींकडे गेले. सेक्रेटरी शांत माणूस. त्यांचा शांतपणाच मुळात माणसाला वेड लावी. हा नियम नवा नाही, त्यांनी सांगितलं, इमारत बांधली तेव्हापासूनचा आहे. पुढच्या लिफ्टशेजारी पाटीच आहे की, ‘कामगारवर्गाने मागील लिफ्टचा वापर करावा’. अकरा वर्षं तुम्ही तिच्याखालून जाता-येता.

साहेब खाली जाऊन बघून आले. पाटी होती. चांगली हातभर लांब, निळ्या अक्षरांतली. लिफ्टपाशी ते रोज उभे राहात, पण इन्स्पेक्टर माणूस, लिफ्टच्या आतली वजनाची पाटी तेवढी वाचायचा. ही त्यांनी कधी वाचलीच नव्हती. आपण अकरा वर्षं वाचली नाही याचा जो राग स्वतःवर यायला हवा होता, तोही त्यांनी सेक्रेटरींच्याच खात्यावर टाकला आणि पाच पानी निषेधपत्र लिहिलं. त्यावर ‘नोंद घेतली’ असा शिक्का बसला.

मग बुधवारी सकाळी साहेबांनी खात्याची पिशवी खांद्याला लावली आणि स्वतःच्याच इमारतीच्या लिफ्ट तपासायला काढल्या. पुढच्या लिफ्टमध्ये काहीतरी सापडावं म्हणून ते तिच्या टपावर चढले, खड्ड्यात उतरले, दार सत्तावीस वेळा आपटलं. लिफ्ट ठणठणीत होती. गेल्या वर्षी ती ठणठणीत असल्याचा दाखला त्यांच्याच खात्याने दिला होता. मग मागची बघितली. तिच्या दाराचं कुलूप चालतेवेळीही उघडत होतं, घंटा मेलेली होती आणि दोराच्या तारा तुटून बाहेर आल्या होत्या. ही लिफ्ट चालू ठेवणं म्हणजे एक दिवस कुणाचा तरी जीव जाणं. साहेब तापट असतील, पण कामात कधी डोळेझाक करणारे नव्हते. त्यांनी लाल चिठ्ठी चिकटवली, खाली ठसठशीत सही केली. आणि सही करता करता त्यांच्या लक्षात आलं की आपण बाजी मारली. मागची लिफ्ट बंद म्हटल्यावर सगळ्यांना पुढचीच उघडी करावी लागणार. ते शीळ घालत ऑफिसला गेले.

कमिटीने त्याच दिवशी तातडीची बैठक घेऊन ठराव केला: मागील लिफ्ट दुरुस्त होईपर्यंत कामगारवर्गाने जिन्याचा वापर करावा.

साहेब ऑफिसात आपल्या वरच्या डेप्युटींकडे धावले. डेप्युटींनी आधी कपाळाला हात लावला, कारण स्वतः राहतो त्या इमारतीची तपासणी इन्स्पेक्टरने करायचीच नसते. आता दुरुस्ती झाली तरी चिठ्ठी साहेबांना काढता येणार नव्हती. दुसरा इन्स्पेक्टर येणार, तो रजेवर, रजा संपली की फाइल त्याच्याकडे जाणार. वीस दिवस धरा, डेप्युटी म्हणाले, आणि कृपा करून मध्ये पत्रं लिहू नका.

गुरुवारी पाणी पोचवणारा माणूस खांद्यावर बाटली घेऊन जिन्यात बसलेला दिसला. शुक्रवारी झाडूवाल्याने तिसऱ्या मजल्यावर साहेबांना बघून तोंड फिरवलं. मावशी पंधरा मिनिटं उशिरा आल्या, ओट्याला टेकून उभ्या राहिल्या आणि पाणी मागून प्यायल्या. साहेबांनी घसा खाकरला. मावशी, ती मागची लिफ्ट, ती काही... एवढं बोलून त्यांनी टीव्हीचा आवाज वाढवला. त्या रात्री त्यांना जेवण गेलं नाही, आणि भाजीत मीठ कमी आहे म्हणून ते बायकोवर ओरडले.

रविवार उजाडला. चार वाजता हॉलमध्ये अकरा सभासद जमले. चहा आहे असं नोटिशीत लिहिलं होतं, नाहीतर तेवढेही जमते ना. शेवटच्या रांगेत सहा खुर्च्या रिकाम्या होत्या. वॉचमनला फाटक सोडता येत नव्हतं. झाडूवाल्याने, मी रोज चढतो तेवढं पुरे, असा निरोप दिला होता. मावशी येते म्हणाल्या होत्या. प्राध्यापक प्रास्ताविकाला उभे राहिले आणि विषमता म्हणजे काय हे सांगताना चाळीस मिनिटं त्यांनी एकदाही पाणी प्यायलं नाही. मग पडद्यावर चित्र उलटं आलं. ते सुलटं होईपर्यंत पाच वाजून गेले. दहा मिनिटांत कुणीतरी विचारलं की यात गाणी नाहीत का. आणखी दहा मिनिटांत चहा आला, आणि चहानंतर हॉलमध्ये सेक्रेटरी, प्राध्यापक आणि एक झोपलेले आजोबा उरले. पडद्यावर ती पोरगी ऐंशीव्या मजल्याच्या पुढे गेली होती. मावशींचा पत्ता नव्हता.

साहेब उठले आणि जिन्याने खाली निघाले. पाचव्या आणि सहाव्या मजल्याच्या मधल्या वळणावर मावशी पायरीवर बसल्या होत्या. एक हात गुडघ्यावर, एक हात कठड्यावर. अंगावर ठेवणीतली साडी होती.

“चला मावशी, पुढच्या लिफ्टने जाऊ. माझ्याबरोबर चला. बघू कोण काय म्हणतं ते.”

“तुम्हाला कोण काय म्हणणार? म्हणतील ते मला. सहाव्या मजल्याच्या बाई आणि सेक्रेटरी, दोन्ही कामं जातील. तुम्ही तत्त्व सांगाल साहेब, मी काय सांगू?”

 साहेब एक पायरी सोडून खाली बसले.

“ती लाल चिठ्ठी तुमचीच ना?” मावशी म्हणाल्या. “सही ओळखते मी. पोस्टमनच्या वहीत बघितलीय.”

“मावशी, ती लिफ्ट धोक्याची होती. दोर तुटायला आला होता. तुमचाच जीव...”

“असेल की. मग चिठ्ठी लावायच्या आधी एक शब्द सांगायचा होता. पाच दिवस मी वॉचमनला शिव्या घालतेय.” त्या थांबल्या, श्वास घेतला. “तुम्हाला राग येतो साहेब, खरा येतो, मी रोज ऐकते. पण तुम्ही चिडता ते टीव्हीकडे तोंड करून. पाठ आमच्याकडे असते.”

साहेबांना आजवर कमिटीने, खात्याने आणि कंपनीने बरंच काही ऐकवलं होतं. त्यातलं काही असं लागलं नव्हतं.  मावशी कठडा धरून उठल्या. दोन-अडीच मजले उरलेत, म्हणाल्या, एवढी आलेय तर बघूनच जाते.

दर आठ पायऱ्यांवर थांबत ते वर पोचले तेव्हा सहाला पाच मिनिटं होती. हॉलला कुलूप होतं. सगळे गेले म्हणून सेक्रेटरी वेळेआधीच बंद करून निघून गेले होते. पण प्रोजेक्टरचं मशीन कसं बंद करायचं हे त्यांना ठाऊक नसावं, कारण आत मालिका चालूच होती. जड दारातून आवाज येत होता: कुणाच्या तरी पावलांचा, धापांचा, वाऱ्याचा. मावशींनी दाराला कान लावला. साहेब सेक्रेटरींना फोन लावत होते. फोन उचलला जात नव्हता.

“पोचली वाटतं,” मावशी म्हणाल्या. “आता काय करतेय?”

 सात भाग या बाईने स्वयंपाकघरातून ऐकले आणि आठवा बंद दाराबाहेरून. पहिल्या रांगेत बसवायचं कबूल केलं होतं साहेबांनी.

त्यांनी फोन खिशात टाकला. चला घरी, म्हणाले. खाली उतरायलाही मावशींनी जिनाच धरला, आणि साहेबही त्यांच्या मागे एकेक पायरी उतरले.

घरी आल्यावर त्यांनी मावशींना स्वतःच्या खुर्चीत बसवलं आणि आठवा भाग पहिल्यापासून लावला. मावशी अवघडून खुर्चीच्या कडेला बसल्या. दहा मिनिटांनी मागे टेकल्या. बायको मोठ्या बहिणीकडे गेलेली, संध्याकाळच्या भाजीचे मटार सोलायचे पडलेले. साहेब आत जाऊन ओट्याशी उभे राहिले आणि मटार सोलू लागले. मालिका बघता बघता सोलावेत म्हणून त्यांनी मान वळवली. भिंत दिसली. ते डावीकडे सरकले, तर फ्रिज. मागे वाकले तर दाराची चौकट आणि टीव्हीचा एक कोपरा, त्यात मनोऱ्याचं नुसतं आभाळ. अकरा वर्षं ते या घरात राहात होते. स्वयंपाकघरातून टीव्ही दिसत नाही, हे त्यांना आज कळलं. अर्धे दाणे जमिनीवर सांडले.

थोड्या वेळाने बाहेरचा आवाज थांबला. मावशी आत आल्या. त्यांचे डोळे लाल होते, पण त्या रडल्या नव्हत्या. त्या भडकल्या होत्या.

“संपलं?”

“संपलं. ती दारापाशी गेली, कडीवर हात ठेवला आणि संपलं. पुढचं कुठाय?”

“पुढचं कुणी काढलंच नाही, मावशी. लोकांनी बघितली नाही, म्हणून कंपनीने थांबवली. दार उघडतं का, कुणालाच ठाऊक नाही.”

“नव्वद मजले चढून आली आणि कडी धरून उभी राहिली?” मावशींनी त्यांच्या हातातलं ताट काढून घेतलं. “ढकलायचं की मेलीने. कुणाची वाट बघत होती?” आणि त्यांनी उरलेले मटार असे सोलले की प्रत्येक शेंगेचा आवाज बाहेरपर्यंत यावा.

सोमवारी सकाळी साहेब दूध घेऊन परतले तेव्हा पुढची लिफ्ट तळमजल्यावर उभी होती. आत सेक्रेटरी होते, फिरून आलेले, पांढऱ्या बुटांतले. साहेब त्यांच्याशी बोलायचं नाही असं ठरवूनच आत शिरले. तेवढ्यात फाटकातून मावशी आल्या. जिन्याकडे वळल्या, पहिल्या पायरीपाशी थांबल्या. वर बघितलं. मग मागे फिरल्या आणि निळ्या अक्षरांच्या पाटीखालून सरळ लिफ्टमध्ये येऊन उभ्या राहिल्या.

“मावशी,” सेक्रेटरी शांतपणे म्हणाले, “ठराव झालाय. जिना.”

 मावशींनी फक्त साहेबांकडे बघितलं. साहेबांच्या डोक्यात पाच पानं मजकूर तयार होता, सगळी कलमं तोंडपाठ होती. पण या खेपेला त्यांचा आवाज चढला नाही. त्यांनी दूध या हातातून त्या हातात घेतलं आणि आतल्या पाटीवर बोट ठेवलं.

“आठ माणसांची लिफ्ट आहे. तीनच आहोत. मी इन्स्पेक्टर म्हणून सांगतो, चालेल. मावशींच्या कामाला धक्का लागला तर मात्र मी रोज सकाळी इथेच उभा राहीन, आणि येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला तुमचा ठराव मोठ्याने वाचून दाखवीन. मला पेन्शनीपर्यंत वेळ आहे.”

सेक्रेटरींचा चेहरा पहिल्यांदाच लाल झाला. नियम मोडणाऱ्या लिफ्टमधून मी जाणार नाही, असं म्हणून ते बाहेर पडले आणि ताठ मानेने जिन्याकडे गेले. सातवा मजला होता त्यांचा. पहिल्या वळणापर्यंत बुटांचा आवाज जोरात आला, मग जरा हळू झाला.

मावशींनी तीनचं आणि सातचं, दोन्ही बटणं दाबली. दार बंद होऊ लागलं तेव्हा साहेबांच्या एकदम ध्यानात आलं.

“मावशी, पण तुम्ही आत्ता त्यांच्याकडेच कामाला निघालात ना?”

“हो तर,” मावशी म्हणाल्या. “घरची मंडळी लग्नाला गेलीत, चावी माझ्याकडेच दिलीय. चढू देत सावकाश. वर दार उघडायला मी आहेच.”